घराण्याचा शोध : मेडल, दप्तर आणि नामावळी

आपल्या शाळेतल्या बऱ्याच जणांच्या घरी फौजेची परंपरा आहे. कुणाचे वडील सुभेदार, कुणाचे आजोबा हवालदार, तर कुणाचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. रात्री डॉर्मिटरीत गप्पा निघाल्या की प्रत्येक जण हे अभिमानाने सांगतो. पण पुढचे तीन प्रश्न विचारले की बहुतेक जण गप्प होतात. पलटण कोणती? साल कोणतं? आणि याचा कागद कुठे आहे?

घराण्याचा इतिहास शोधण्याची एक पद्धत असते. त्यासाठी इतिहासाचा प्राध्यापक असावं लागत नाही. वही, पेन्सिल, फोन आणि चिकाटी एवढं पुरतं. ही पद्धत मी आमच्याच घरातल्या एका शोधावरून सांगणार आहे, म्हणजे पायऱ्या लक्षात राहतील.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. आजोबा नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि आमचं घर जयनगरला झालं. माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मागे त्यांची बायको राहिली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माझी खापरपणजी गेली, तेव्हा माझे पणजोबा वर्षाचे होते. त्यांना या विधवा काकूनेच वाढवलं. गावात तिला सगळे ‘बसरेवाली’ म्हणत. आजोबांनी तिला लहानपणी पाहिलं आहे. दर महिन्याला ती पेन्शन आणायला तालुक्याला चालत जायची आणि येताना मुलांसाठी गूळ-शेंगदाणे आणायची, हे ते आजही सांगतात. पण तिचं नाव त्यांना माहीत नाही. घरच्या वंशावळीत तिच्या नवऱ्याच्या नावापुढे ‘निपुत्रिक’ एवढा एकच शब्द आहे आणि पुढची रेघ संपते. जिने पणजोबांना जगवलं, तिला वंशावळीत जागाच नव्हती. आजोबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर तिला पाहिलेलं कुणीच उरणार नाही. म्हणून तिचं नाव शोधायचं ठरलं.

पहिली पायरी : घरापासून सुरुवात

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा. शिवकाळातल्या एखाद्या प्रसिद्ध सरदारापासून सुरुवात करून आपल्यापर्यंत येऊ नये, कारण मधल्या पिढ्या मग ओढूनताणून जुळवल्या जातात. आपण, वडील, आजोबा, पणजोबा अशी एक एक पायरी पुराव्यासह मागे जायचं. एका पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरली की काळाचा ढोबळ अंदाज येतो.

आपल्या मराठी नावांची यात मोठी मदत होते. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अशी आपली रीत असल्यामुळे प्रत्येक कागदावर दोन पिढ्या सापडतात. एक धोका मात्र आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची प्रथा अनेक घरांत असते. त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं पन्नास वर्षांच्या अंतराने भेटतात. अशा वेळी वडिलांचं नाव आणि साल पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. त्याऐवजी एखादी मोठी घटना विचारावी. पानशेतचा पूर आला तेव्हा ती होती का? (१२ जुलै १९६१.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? (११ डिसेंबर १९६७.) बाहत्तरच्या दुष्काळात? आजोबांना मी असंच विचारलं. पुराच्या बातम्या गावात आल्या तेव्हा ती होती, भूकंपाच्या वेळी नव्हती, असं त्यांनी लगेच सांगितलं. म्हणजे तिचा मृत्यू १९६१ ते १९६७ च्या दरम्यानचा. एका प्रश्नात शोधाचा पट्टा सहा वर्षांवर आला.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करावं. ते सांगत असताना मधे बोलू नये. आणि फक्त आजोबांना विचारून थांबू नये. आजी, आत्या, चुलत आजी यांना सोयरिकी जास्त माहीत असतात. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचं माहेर कुठलं, हे आमच्याकडे बायकांनीच सांगितलं.

दुसरी पायरी : घरातल्या वस्तू

जुनी ट्रंक, देवघरातला डबा, कपाटाच्या वरचं बोचकं, सगळं पाहावं. डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, फोटोंच्या मागची बाजू, यातल्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी लिहिलेलं असतं. लग्नपत्रिका टाकून देऊ नये. दोन घराण्यांची नावं, गाव आणि तारीख एकाच कागदावर देणारा दुसरा कागद क्वचितच मिळतो.

आमच्या ट्रंकेत एक मेडल निघालं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पहिल्या महायुद्धाचं मेडल असेल त्यांनी त्याची चकती नव्हे, तर कड पाहावी. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ चा स्टार असेल तर हीच माहिती त्याच्या पाठीवर असते. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायांना चांदीचं आणि लष्कराबरोबर गेलेल्या बिगारी, खलाशी, पाणके अशा लोकांना ब्राँझचं मिळत असे. म्हणजे धातूवरूनही माणसाचं काम कळतं.

मेडलला पॉलिश लावून घासू नये. कडेवरची अक्षरं झिजतात. बॅटरी तिरपी धरून भिंगाने वाचावं आणि फोटो काढून ठेवावा. आमच्या मेडलवर नंबर स्पष्ट होता, नाव अर्धवट होतं आणि पलटणीचा आकडा ११० होता.

तिसरी पायरी : पलटणीचे जुने नंबर

११० नंबरची मराठा पलटण आज कुठे आहे? इथे पुष्कळ जण अडतात. १९२२ साली भारतीय सैन्याची फेररचना झाली आणि वेगवेगळ्या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री तयार झाली. तिचंच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव झालं. जुने आणि नवे नंबर असे जुळतात :

१०३ – पहिली बटालियन
१०५ – दुसरी बटालियन
११० – तिसरी बटालियन
११६ – चौथी बटालियन
११७ – पाचवी (रॉयल) बटालियन
११४ – दहावी, म्हणजे ट्रेनिंग बटालियन

हा तक्ता वहीत उतरवून घ्या. १९२२ च्या आधीचा कागद असेल तर जुना नंबर शोधायचा, नंतरचा असेल तर नवा.

पलटण कळली की लढाई कळते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. तिला पूना डिव्हिजन म्हणत. टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी या डिव्हिजनला वेढलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा चालला. अन्न संपल्यावर सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यांतले पुष्कळ पुढे कैदेत वारले. हे सैन्य बसऱ्यावरून आत गेलं होतं, म्हणून गावाकडे त्या अख्ख्या मोहिमेचं नाव ‘बसरा’ पडलं.

चौथी पायरी : मृत सैनिकांची यादी

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवतं. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो.

शोधताना नावावर विसंबू नये. त्या वेळच्या कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. ‘जाधव’चं ‘जाधो’ होतं, ‘शिंदे’चं ‘सिंदे’ आणि ‘पवार’चं ‘पोवार’. काही नोंदींत आडनावच नसतं. नंबर मात्र ऐकून बदलत नाही. म्हणून आधी सर्व्हिस नंबर आणि पलटण टाकावी. नंबर नसेल तर पलटण आणि साल टाकून सगळी यादी उतरवावी आणि गावाचं नाव शोधत खाली जावं. अनेक भारतीय शिपायांच्या नोंदीत ‘अमक्याचा मुलगा’ किंवा ‘अमकीचा नवरा’, राहणार अमुक गाव, जिल्हा सातारा, असं लिहिलेलं आहे.

आमच्या मेडलवरचा नंबर तिथे सापडला. शिपाई, ११० मराठा, मृत्यू जून १९१६, स्मारक बसरा. आणि पुढे ‘अमकीचा नवरा’, गावाच्या नावासह. घरच्या वंशावळीत जे नाव कुणी लिहिलं नाही, ते लष्कराच्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं.

इथे एक गोष्ट प्रत्येक कॅडेटने जाणून घ्यायला हवी. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त सैनिकांची स्मृती आहे. इंग्रज शिपायांची नावं भिंतीवर कोरली, पण भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली फक्त किती जण गेले ती संख्या लिहिली. नावं कागदी रजिस्टरमध्ये राहिली. असा भेदभाव झाल्याचं कमिशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केलं आणि माफी मागितली. १९९७ साली हे स्मारक मूळ जागेवरून हलवून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आलं. म्हणजे आपल्या माणसाचं नाव वाचायला बसऱ्याला जाऊन उपयोग नाही. ते रजिस्टरमध्येच वाचावं लागतं.

याच पायरीवर आपल्या गावातली पाटीही पाहावी. महायुद्धानंतर अनेक गावांत चावडीवर किंवा वेशीवर संगमरवरी पाटी बसवली गेली. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतले इतके मृत्यू पावले, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी वाट वेगळी आहे. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शन ऑर्डरवरचा नंबर घेऊन त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मिळतं.

पाचवी पायरी : गावचं दप्तर

एका नोंदीवर कधीही थांबू नये. लष्करी रिपोर्टमध्ये जसं आपण ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ आणि ‘अंदाज’ वेगळे लिहितो, तसं इथेही हवं. दोन वेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांवरून न उतरवलेल्या नोंदी जुळल्या तरच गोष्ट पक्की. आमच्याकडे तर रजिस्टरमधलं तिचं नाव इंग्रजी स्पेलिंगमुळे दोन प्रकारे वाचता येत होतं.

म्हणून आम्ही गावच्या दप्तराकडे वळलो. त्यात मुख्य कागद हे :

सातबारा – जमीन कुणाच्या नावे आहे ते.
फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ – मालक का बदलला ते. खातेदार वारला की वारसांची नावं इथे येतात. वंशावळीसाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त उपयोगी.
गाव नमुना १४ – जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. काही ठिकाणी तिला कोतवाल बुक म्हणतात.
शाळेचं जनरल रजिस्टर – जन्मतारीख, वडिलांचं नाव, पूर्वीची शाळा.

हे कागद तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. आम्ही काही पानं जयनगरला घरी बसूनच पाहिली. कर्नाटकात हेच काम ‘भूमी’ योजनेत झालं आहे. तिथे उताऱ्याला ‘पहाणी’ म्हणतात.

खापरपणजोबांचे वडील वारले तेव्हाचा फेरफार सापडला. त्यात फक्त खापरपणजोबांचं नाव होतं. बसरेवालीचं नव्हतं. आधी मला वाटलं की घरच्यांनी तिला डावललं. बाबांनी कायदा समजावून सांगितला तेव्हा कारण कळलं. त्या काळी हिंदू एकत्र कुटुंबात मुलगा वारला तर त्याचा हिस्सा राहिलेल्या पुरुषांकडे जात असे. विधवेला फक्त पोटगीचा हक्क होता. १९३७ च्या कायद्याने विधवेला पहिल्यांदा नवऱ्याच्या हिश्शात मर्यादित हक्क मिळाला. म्हणजे १९२२ च्या सुमाराच्या फेरफारात ती असणारच नव्हती.

यावरून मी जे शिकलो ते मला या पूर्ण शोधात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठलाही कागद आपल्यासाठी लिहिलेला नसतो. तो कुणाच्या तरी कामासाठी लिहिलेला असतो. सातबारा सारा वसूल करण्यासाठी, वंशावळ हिस्से ठरवण्यासाठी. त्या कामात ज्याची गरज नाही, तो माणूस त्या कागदात नसतो. म्हणून शोधताना आधी हा प्रश्न विचारावा : या माणसाचं नाव लिहिण्याची गरज कुणाला होती? जमीन मोजणाऱ्याला बसरेवालीचं नाव नको होतं. पण लष्कराला पेन्शन द्यायची होती, म्हणून लष्कराने ते लिहिलं.

गाव नमुना १४ मध्ये तिच्या नवऱ्याचा मृत्यू नाही, कारण तो गावात वारला नव्हता. पण माझ्या खापरपणजीची नोंद मिळाली. ऑक्टोबर १९१८, कारण ‘ताप’. त्या साथीतले मृत्यू गावोगावच्या वह्यांत असेच ‘ताप’ म्हणून लिहिले गेले. एकाच पानावर ओळीने ‘ताप’ लिहिलेलं पाहिलं की साथ म्हणजे काय ते कळतं.

सहावी पायरी : तीर्थाची नामावळी

दुसरी नोंद आम्हाला नाशिकला मिळाली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. रामकुंडावर जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव लिहायचं, अशी रीत. काही जण आई, बायको, भावजय यांचीही नावं लिहितात. कारण इथे कागदाचं काम वेगळं आहे. पुण्य सगळ्या घराचं, म्हणून नावंही सगळ्या घराची.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी गेलो. गुरुजींनी आधी आमच्याकडून आजची नावं लिहून घेतली आणि मग जुनं बाड काढलं. शके १८४५ मध्ये, म्हणजे १९२३-२४ साली, खापरपणजोबा तिथे येऊन गेले होते. नोंद मोडीत होती. गुरुजींची परवानगी घेऊन फोटो काढला आणि आजोबांच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दिला. त्यात घरातल्या बायकांच्या नावांमध्ये तिचं नाव होतं, पुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. लष्कराच्या रजिस्टरमधल्या इंग्रजी स्पेलिंगचे जे दोन उच्चार होत होते, त्यांतला कोणता खरा ते या मोडी अक्षरांनी ठरलं. दोन नोंदी, दोन वेगळी ठिकाणं, दोन वेगळी कामं, आणि नाव एकच.

जुन्या कागदांत नेहमी येणारे शब्द पाठ करून ठेवा. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. साल बदलण्याचे हिशोबही सोपे आहेत. शके असेल तर ७८ मिळवा, गुढीपाडव्याआधीचे इंग्रजी नव्या वर्षातले महिने असतील तर ७९. दख्खनी फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१. पेशवेकालीन कागदातला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. मोडी लिपी स्वतः शिकता येते. देवनागरी येणाऱ्याला रोज थोडा सराव केला तर काही महिन्यांत छापील मोडी वाचता येते. हस्ताक्षराला मात्र जास्त वेळ लागतो.

जयनगरच्या शेजाऱ्यांसाठी

आम्ही हा शोध घेतोय हे कळल्यावर जयनगरमधल्या मराठी शेजाऱ्यांनी विचारलं, ‘आमचं कसं शोधायचं?’ जयनगर ही वसाहत १९४८ मध्ये आखली गेली. येडियूरसारखी जुनी गावं तिच्या आसपास होती, पण इथे राहायला आलेल्या बहुतेक घरांचं मूळ दुसरीकडेच आहे. आणि मराठी बोलणारं प्रत्येक घर महाराष्ट्रातूनच आलं असंही नाही. म्हणून आधी आपण कोणत्या वाटेने आलो ते ठरवावं.

काही घरं शहाजीराजांच्या काळापासून कर्नाटकात आहेत असं सांगतात. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. त्यांचे पुत्र एकोजी यांच्या काळातला १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी आहे. अशा घरांनी बी. एल. राइस यांनी संपादित केलेला ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ आणि विकास सौधमधलं कर्नाटक राज्य पुराभिलेखागार पाहावं.

काही घरं तंजावरहून आली. एकोजींनी तिथे मराठ्यांचं राज्य स्थापन केलं होतं. तंजावरच्या मराठी घराण्यांतली शिकलेली माणसं पुढे म्हैसूर संस्थानच्या नोकरीत आली. व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे म्हैसूरचे दोन दिवाण त्यांच्यापैकीच. या घरांसाठी तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे मोडी कागदांचे मोठे संग्रह आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दगडावर कोरलेली वंशावळ म्हणून तो जरूर पाहावा. पण तो राजाने स्वतःच्या घराण्याबद्दल लिहवून घेतला आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. कागदाचा नियम दगडालाही लागू आहे.

आणि आमच्यासारखी घरं, जी नोकरीसाठी आली, त्यांनी मूळ गावचं दप्तर धरावं. पेशवाईच्या काळापर्यंत मागे जायचं असेल तर पुण्याचं पुरालेखागार आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही बरंच पाहता येतं.

काही नियम

१. प्रत्येक माहितीपुढे चार गोष्टी लिहा : काय कळलं, कुठून कळलं, कधी पाहिलं, किती खात्री.

२. कागदात आहे तेवढंच लिहा. आमच्या शिपायाच्या मृत्यूची तारीख कुत पडल्यानंतरची आहे. म्हणून ‘कैदेत वारले असावेत’ असं आम्ही ‘अंदाज’ या रकान्यात लिहिलं. ‘कैदेत वारले’ असं लिहिलेलं नाही.

३. मूळ कागदावर पेनने काही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा.

४. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, जातीचे दाखले इंटरनेटवर टाकू नका.

५. इंटरनेटवर दुसऱ्याने तयार केलेली वंशावळ मिळाली तर ती पुरावा समजू नका. त्याने कोणता कागद पाहिला ते विचारा आणि तो कागद स्वतः पाहा.

६. मुली, सुना, विधवा, दत्तक, लहानपणी गेलेली मुलं, सगळ्यांची नावं लिहा.

आमचा शोध अजून संपलेला नाही. लग्नानंतर नाव बदलण्याची प्रथा होती, त्यामुळे दोन्ही नोंदींत जे नाव मिळालं ते सासरचं आहे. माहेरचं नाव तिच्या माहेरच्या गावात मिळेल. ते गाव कोणतं, याबद्दल आत्याआजीने दोन गावांची नावं सांगितली आहेत. उन्हाळ्यात तिथल्या शाळेचं आणि चावडीचं दप्तर पाहायचं आहे. माहेरची माणसं भेटल्यावर, त्यांना विचारूनच तिचं नाव छापावं असं आजोबांचं म्हणणं आहे, म्हणून या लेखात ते दिलेलं नाही. घरच्या वंशावळीत मात्र ते आता आहे. आजोबांनी ‘निपुत्रिक’ हा शब्द खोडला नाही, कारण जुना कागद खोडायचा नसतो. त्यांनी नवीन कागद घेतला, तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी लिहिलं आणि तिथून पणजोबांच्या नावापर्यंत एक तुटक रेघ ओढली. शेजारी लिहिलं : ‘हिने वाढवलं.’

सुट्टीतला अभ्यास

येत्या सुट्टीत प्रत्येकाने एवढं करावं. आपल्यापासून पणजोबा-पणजीपर्यंत आठही जणांची नावं लिहावीत. त्यांतल्या ज्या पणजीचं नाव घरात कुणालाच सांगता येणार नाही, तिच्यापासून शोध सुरू करावा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी एक तास बोलून ते रेकॉर्ड करावं. घरात मेडल असेल तर त्याची कड वाचावी. सुट्टीनंतर वह्या आणल्यात तर आपण त्या एकत्र बसून पाहू आणि ज्यांच्या मेडलवर पलटणीचा जुना नंबर असेल त्यांचा शोध मिळून करू.

जय हिंद!